तळ्यातले रान, जाळ्यातली मासळी

१७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळात कोंडले. बाहेर मराठ्यांचे घोडदळ आणि पाठीशी तलावाचे पाणी, अशा पेचात सापडलेल्या निजामाने जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह केला. मराठी वाचकाला भोपाळचा तलाव भेटतो तो बहुधा असा, लढाईच्या नकाशात. तेव्हाही तो तलाव सातशे वर्षांचा म्हातारा होता. अकराव्या शतकात धारचा परमार राजा भोज याने कोलांस नदीवर मातीचा बांध घातला. त्या बांधावर आज कमला पार्क आहे.

भोपाळकर या तलावाला ‘बडा तालाब’ म्हणतात, सरकारी कागदांत तो भोजताल आहे. पूर्ण भरला की त्याचे पाणी सुमारे ३१ चौरस किलोमीटरवर पसरते. ते गोळा होते ३६१ चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून, आणि या पाणलोटाचा बराच भाग शेतीचा आहे. जुन्या बांधाखाली १७९४ मध्ये नवाबांचे मंत्री छोटे खान यांनी छोटा तलाव बांधून घेतला. १९६५ च्या सुमारास भदभदा येथे अकरा दरवाजांचे धरण पुरे झाले, मोठ्या तलावाची पातळी वाढली आणि शहराला प्यायला जास्त पाणी मिळू लागले. ऑगस्ट २००२ मध्ये हे दोन्ही तलाव मिळून ‘भोज वेटलँड’ या नावाने, पाणथळ जागा जपण्यासाठीच्या रामसर कराराच्या यादीत दाखल झाले.

नैसर्गिक सरोवरांच्या पंगतीत माणसाने बांधलेल्या तलावाला जागा मिळाली ती त्यातल्या जीवसृष्टीमुळे. अभ्यासकांनी येथे पाणवनस्पतींच्या १०६ जाती नोंदल्या आहेत. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींच्या, म्हणजे वनस्पतिप्लवकांच्या, २०८ आणि प्राणिप्लवकांच्या १०५ जाती सापडल्या आहेत. माशांच्या जाती ४३, त्यांत सोडलेले आणि मूळचे असे दोन्ही मासे आले. माशांचा आकडा बाकीच्या तीन आकड्यांवर उभा आहे, हेच या प्रकरणाचे सार. पाण्यातले हे रान टिकले तर मासेमारी टिकेल. मत्स्यशेतीचेही तसेच आहे, जरी ती वरवर पाहता हौदात आणि शेततळ्यात चालणारी वेगळी गोष्ट वाटली तरी.

उथळ पाण्यातली वीण

तलावाचा कोणता भाग सर्वांत मोलाचा, असे विचारले तर बहुतेक जण बोट क्लबसमोरच्या खोल, निळ्या पाण्याकडे बोट दाखवतील. माशाच्या दृष्टीने मोल आहे ते पश्चिमेकडच्या उथळ काठाचे. कोलांस नदी त्याच बाजूने तलावात येते. शेते आणि पाणी यांच्यामध्ये येथे ठळक सीमा नसते. पावसाळ्यात पाणी शेताच्या बांधापर्यंत चढते, उन्हाळ्यात मागे सरते आणि मागे ओला गाळ, गवत, लव्हाळे ठेवून जाते.

पावसाच्या तोंडाला अशा काठाला मरळीची जोडी घर करते. गवतात गुडघाभर पाण्याची जागा निवडून तिथल्या वेली आणि पाती ती बाजूला सारते आणि मध्ये ताटाएवढी मोकळी जागा करते. मादी अंडी सोडते. प्रत्येक अंड्यात तेलाचा थेंब असल्याने ती बुडत नाहीत, पिवळसर मण्यांचा थर पाण्यावर तरंगत राहतो. भोवतीचे गवत त्याला वाऱ्याने वाहून जाऊ देत नाही. एक-दोन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. थोडी मोठी झाली की नारिंगी-तांबड्या पिल्लांचा तो दाट पुंजका एकजुटीने फिरू लागतो आणि घडीघडी पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, कारण मरळ हवेतूनही श्वास घेते. खाली आईबाप राखणीला असतात. जवळ येणाऱ्या बेडकावर, सापावर, माशावर ते धावून जातात.

हा पुंजका दिसला की खाली मोठी मरळ आहे, हे मच्छीमाराला कळते. त्या घडीला त्याने गळ टाकला तर एक मासा मिळतो आणि राखणदार नसलेली शेकडो पिल्ले काही तासांत इतरांच्या पोटात जातात. त्याने महिना-दीड महिना कळ काढली तर पुढच्या हंगामात त्याच काठावर अनेक मरळी मिळतात. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्या आणि तलावांतली मासेमारी बंद ठेवण्याचा नियम आहे, तो याचसाठी. मासळीची वीण पावसाशी जोडलेली आहे आणि ते दोन महिने गाभोळी भरलेल्या माशांचे असतात.

गवताखेरीज या काठाला आणखी एक गुपचूप काम करणारा रहिवासी आहे. गाळात अर्धा रुतून बसलेला गोड्या पाण्यातला शिंपला दिवसभर पाणी आत ओढतो, त्यातले शेवाळ आणि कण खातो आणि गाळलेले पाणी बाहेर सोडतो. त्याची पिल्ले मात्र स्वतंत्रपणे वाढू शकत नाहीत. अळी अवस्थेत ती माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, तेथे काही काळ काढतात आणि मग गळून तळाशी बसतात. मासे नसतील तर शिंपल्यांची पुढची पिढी नाही, आणि शिंपले नसतील तर पाणी गढूळ. अशा शेकडो गाठींनी तलाव बांधलेला असतो. त्यांतली कुठली गाठ केव्हा सुटली हे वरून दिसत नाही. दिसते ते एवढेच की जाळे हलके येऊ लागले.

बीज आणायचे कोठून?

मत्स्यशेती करणारा म्हणेल, आम्ही बीज विकत आणतो, तलावातली वीण आमच्या काय कामाची? याचे उत्तर बीजाच्या इतिहासातच आहे.

रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या मत्स्यशेतीचे तीन मुख्य मासे. तिघेही मूळचे नदीचे. पावसाळ्यात नदीला पूर आला की ते विणतात; साचलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी सोडत नाहीत. म्हणून पूर्वी मत्स्यबीज पुराच्या पाण्यातून गाळून गोळा करत, आणि त्यात नको असलेल्या माशांचीही पिल्ले येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हीरालाल चौधुरी यांनी त्यांचे सहकारी डॉ. के. एच. अलिकुन्ही यांच्यासोबत पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तळ्यात विणायला लावले. आज हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. गावागावांतल्या शेततळ्यांत जी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडली जातात, त्यांची परंपरा तिथून सुरू होते.

तीन माशांची एकत्र शेती का करतात, हेही पाहण्यासारखे आहे. कटला वरच्या थरातले प्राणिप्लवक खातो. रोहू मधल्या थरात वनस्पतींवर आणि त्यांच्यावर वाढणाऱ्या शेवाळावर जगतो. मृगळ तळातला कुजका पाला आणि गाळ धुंडाळतो. एकाच तळ्यात तिघांची भूक वेगवेगळी, म्हणून भांडण कमी आणि उत्पादन जास्त. पाण्यातल्या विविधतेचा हाच नियम शेतकऱ्याने उचलून आपल्या तळ्यात लावला आहे.

आणि बीजाचा कस? भुवनेश्वरजवळच्या कौशल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यशेती संस्थेने १९९२ मध्ये नॉर्वेच्या शास्त्रज्ञांसोबत रोहूची सुधारित जात तयार करायला घेतली. तिला पुढे ‘जयंती रोहू’ हे नाव मिळाले. भराभर वाढणाऱ्या या माशाचे पूर्वज शास्त्रज्ञांनी गोळा केले ते गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांतून. एकाच उबवणी केंद्रातल्या त्याच त्या जोड्या पिढ्यान्पिढ्या वापरल्या की बीज खंगते. वाढ मंदावते, रोग लवकर लागतात. तेव्हा ताजे रक्त आणायला नदीकडेच जावे लागते. त्या दिवशी नदीत रोहू असला पाहिजे.

परके पाहुणे

बीज सोडताना कोणते सोडतो, हा प्रश्न किती सोडतो यापेक्षा मोठा आहे. उजनीच्या काठी भिगवणला मासळीबाजारात उभे राहिले की ‘चिलापी’चे ढीग दिसतात. हा टिलापिया मूळचा आफ्रिकेतला, भारतात आला १९५२ मध्ये. तो साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा विणतो, पिल्ले तोंडात सांभाळतो आणि जागा व्यापत जातो. त्याने कित्येक कुटुंबांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे खरे. पण जेथे त्याचा जम बसला तेथे स्थानिक मासे मागे हटले, हेही तितकेच खरे. आफ्रिकन मागूर तर याहून खादाड. केंद्र सरकारने २००० मध्येच त्याच्या शेतीवर बंदी घातली, तरी तो चोरून वाढवला जातो आणि पुरात तळ्यातून ओढ्यात निसटतो.

भोपाळलाही अशा पाहुण्याने दचकवले आहे. २०२३ मध्ये मोठ्या तलावात मच्छीमाराला मगरीसारख्या जबड्याचा मासा मिळाला. तो निघाला उत्तर अमेरिकेतला ॲलिगेटर गार. असे मासे आपल्याकडे पोहोचतात ते शोभेच्या माशांच्या व्यापारातून. हौसेने आणलेले पिल्लू काचेच्या पेटीत मावेनासे झाले की कोणी तरी दया म्हणून ते तलावात सोडते. ती दया तलावाला महाग पडते.

देशी मासा असला म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा कंपनीच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून महसीरचे बीज तयार होते. सह्याद्रीतल्या निळ्या पराच्या महसीरला त्या कामामुळे मोठा आधार मिळाला. पण तेच बीज दक्षिणेत कावेरीत सोडले गेले. तेथे मूळचा कुबडा महसीर होता, जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यात सापडणारा, माणसाच्या वजनाला पोहोचणारा मासा. बाहेरून आलेल्या महसीरने नदी व्यापली आणि कुबडा महसीर नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला. शास्त्राच्या वहीत त्याची जात नेमकी निश्चित झाली तीच २०१८ मध्ये. हेतू उत्तम होता, मासाही भारतीयच होता, फक्त नदी चुकली होती.

महसीर हा मध्य प्रदेशाचा २०११ पासूनचा राज्यमासा आहे, आणि त्याची गोष्ट नर्मदेशी जोडलेली आहे. भोपाळच्या नळाला आज नर्मदेचेही पाणी येते. १९६० च्या दशकापर्यंत होशंगाबादच्या परिसरात, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, जी मासळी पकडली जाई, तिच्यात पाव हिश्श्याहून जास्त महसीर असे. या माशाला वाहते, स्वच्छ पाणी आणि तळाला वाळू-गोटे लागतात, आणि विणीसाठी तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो. बर्गीपासून सरदार सरोवरापर्यंत नर्मदेवर साखळीने धरणे झाली, प्रवाहाचे जलाशय झाले, वाळूचा उपसा वाढला आणि महसीर दुर्मीळ झाला. बडवाह येथे वन विभागाने त्याचे कृत्रिम प्रजनन साधले आहे. ते काम महत्त्वाचे आहे. पण त्या पिल्लांना सोडायला वाहती नदी हवी, आणि ती उबवणी केंद्रात तयार होत नाही.

राखण कोणी करायची?

पाण्याची राखण म्हटले की सरकारी फलक आणि तारेचे कुंपण डोळ्यांसमोर येते. तवा जलाशयाचा अनुभव वेगळे सांगतो. नर्मदेची उपनदी तवा. तिच्यावरच्या धरणाने ४४ गावे उठवली, त्यांत आदिवासी अधिक. ज्यांची शेते बुडाली त्यांनाच त्या पाण्यातली मासळी मिळावी, यासाठी लोक वर्षानुवर्षे लढले आणि १९९६ मध्ये गावोगावच्या सहकारी संस्थांच्या ‘तवा मत्स्य संघा’ला मासेमारीचा पट्टा मिळाला. ज्यांना शिकवले पाहिजे असे अधिकाऱ्यांना वाटत होते, त्या माणसांनी बंदीचे महिने पाळले, चोरून जाळी टाकणाऱ्यांवर गस्त घातली, दरवर्षी बीज सोडले, मासळीचा बाजार स्वतः सांभाळला. उत्पादन वाढले, मच्छीमाराच्या हाती पडणारा पैसाही वाढला. दहा वर्षांनी पट्ट्याचे नूतनीकरण झाले नाही, कारण जलाशय सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. राखण करणाऱ्या माणसालाच संरक्षणाच्या नावाने बाहेर काढणे हा उपाय नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा दाखला आपल्याच विदर्भातला. भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळात बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले, आज लोक त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात. मासेमारी ढीवर समाजाकडे. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, गाळ आणि बेशरम नावाचे तण वाढले, आणि उत्पादन वाढवण्यासाठी सोडलेल्या गवत्या आणि सायप्रिनस या माशांनी पाणवनस्पतींचे नुकसान केले. गवत्या पाती खातो, सायप्रिनस तळ उकरून मुळे सैल करतो. वनस्पती गेल्या तसे मूळचे मासे गेले, त्यांच्यामागे पक्षीही गेले.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढीवरांना सोबत घेऊन उलटा रस्ता धरला. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे ज्ञान जुन्या ढीवरांकडे होते. त्यांनी आणि गावच्या बायकांनी उन्हाळ्यात तलाव उघडा पडला की बेशरम मुळापासून काढली, तळाची जमीन नांगरली, आणि इतर तलावांतून आणलेले पाणगवताचे कंद, रोपे तेथे लावली. गवत्या आणि सायप्रिनस सोडणे थांबवले, स्थानिक मासे परत आणले. तलावात शेतकऱ्यासारखी लागवड करणारे हे मच्छीमार म्हणजे या सगळ्या प्रकरणाचा जिवंत पुरावा आहेत. पाणवनस्पती परतल्या तशी मासळी वाढली. बाजारात ती सोडलेल्या माशांपेक्षा चढ्या भावाने जाते, आणि तिचे बीज विकत आणावे लागत नाही, कारण ती तलावातच विणते.

भोपाळने काय करावे

भोपाळने आपल्या तलावांसाठी काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. १९९५ मध्ये जपानच्या अर्थसाहाय्याने भोज वेटलँड प्रकल्प सुरू झाला. गाळ उपसला, जलपर्णी काढली, काही नाल्यांचे सांडपाणी वळवले, धोबीघाट हलवले, मूर्तिविसर्जनासाठी वेगळा घाट केला, पाणलोटात झाडे लावली. तलाव आटला तेव्हा, २००९ मध्ये, शहरातली माणसे श्रमदानाने गाळ काढायला उतरली. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ खंडपीठाने तलावात डिझेलवर चालणारी क्रूझ आणि मोटारबोटी थांबवण्याचा आदेश दिला.

पुढचे काम मात्र कमी दिमाखाचे आहे. पहिले, सांडपाणी. घाणीतले नत्र आणि स्फुरद पाण्यात आले की निळ्या-हिरव्या शेवाळाला ऊत येतो. दिवसा ते प्राणवायू सोडते, रात्री स्वतःच तो वापरते आणि मेल्यावर कुजताना उरलासुरलाही खाऊन टाकते. म्हणून अशा पाण्यात मासे मरतात ते पहाटे. छोट्या तलावाला या शेवाळाचा जुना विळखा आहे. दुसरे, पाणलोटातली शेती. तिथे टाकलेले जादा खत शेवटी तलावातच येते, शिंगाड्याच्या वेलींवरची फवारणी तर थेट पाण्यातच पडते. तेथील शेतकऱ्याला सेंद्रिय शेतीसाठी पैशाची मदत देणे हे शहराच्या पिण्याच्या पाण्यावरचाच खर्च समजावे. तिसरे, पश्चिमेचा उथळ काठ. तेथे भिंत, भराव, रस्ता किंवा सुशोभीकरण नको. चौथे, बीज. पिण्याच्या पाण्याच्या तलावात बाहेरून खाद्य टाकून माशांची शेती करू नये, गवत्या आणि सायप्रिनस सोडू नयेत, आणि मरळ, वाम, शिंगी, देशी मागूर यांना त्यांची जागा परत द्यावी. मत्स्यशेती जरूर वाढवावी, पण ती पुराचे पाणी न पोहोचणाऱ्या, स्वतंत्र तळ्यांत. पाचवे, मच्छीमार. तलावाचा निर्णय होताना तलावावर पोट असणारा माणूस बैठकीत बसलेला असला पाहिजे.

वाचकाच्या हातातही बरेच आहे. मत्स्यपेटीतला मासा नदीत, तलावात, विहिरीत कधीही सोडू नका. बंदीच्या महिन्यांत नदी-तलावातला गाभोळीचा मासा विकत घेऊ नका. आणि एक काम या वर्षातच करा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या गावच्या समितीकडे जा, ती नोंदवही मागा, आणि गावातल्या जुन्या मच्छीमाराला सोबत नेऊन आपल्या तलावातल्या प्रत्येक माशाचे, प्रत्येक पाणगवताचे स्थानिक नाव तिच्यात लिहून घ्या. ज्याची नोंद आहे त्याच्या बाजूने भांडता येते.